हाफ लॉरीतली हवा

जून 2022 मध्ये जयपूरहून 192 टन शेण कुवेतला निघालं, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय जल्लोष झाला होता! गाईंचे फोटो, तिरंगे, "आता अरबांनाही पटलं" वगैरे. शेण मागवलं होतं खजुराच्या झाडांसाठी. त्याच आठवड्यात, आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या प्रत्येक आठवड्यात, त्याच खजुरांच्या झावळ्या हाफ लॉऱ्यांत कोंबून वाळवंटातल्या कचऱ्याच्या खड्ड्यांकडे चालल्या होत्या. झाडाला खाऊ घालायला समुद्रापलीकडून माल आणायचा आणि झाडाचा स्वतःचा माल वाळूत पुरायचा. यावर एकाही ग्रुपवर एक ओळ आली नाही.

"इथल्या लोकांना पडलेलीच नाही," हे वाक्य आता येईल. मंडळी, ते गिळा. बागा आणि झाडांच्या देखभालीचे ठेके घेणाऱ्या कंपन्यांमध्ये कोटेशन कोण मागवतं? तुलनेचा तक्ता कोण करतं? कुठली लॉरी, कुठलं यंत्र, यावर पहिली सही कोणाची असते? बऱ्याच ठिकाणी आपलीच. माझी तर होतीच. म्हणून हे भांडण आधी माझ्याशी आहे.

खजुराची झावळी तीन ते पाच मीटर लांब. वजनाला हलकी, वाकायला नाखूश, देठाकडे सुईसारखे काटे. अशा शंभर झावळ्या हाफ लॉरीत रचल्या की लॉरी शिगोशीग भरते, दोर आवळावे लागतात, मागून शेपटासारखा माल लोंबतो. पण वजनकाट्यावर घाला, काटा जेमतेम हलतो. आपण वाहतो ती बरीचशी हवाच. फेऱ्या वाढल्या की आपण काय करतो? आणखी मोठी लॉरी मागतो. म्हणजे आणखी जास्त हवा वाहायची सोय. मी पाहिलेल्या ठेक्यांत पैसे फेरीमागे मिळायचे, आणि फेऱ्या कमी करून दाखवणाऱ्याचं नुकसानच व्हायचं. डिझेल स्वस्त, माणूस त्याहून स्वस्त, मग डोकं कशाला चालवा?

पण वेळ स्वस्त नाही. 1 जून ते 31 ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. 2016 च्या जुलैत याच देशात मित्रिबाहला 53.9 अंश नोंदले गेलेत. म्हणजे पहाटेपासूनचे मोजके तास हातात. लॉरी आठला खड्ड्याकडे गेली, रांगेत अडकली आणि साडेदहाला परत आली, की त्या दिवसाचं काम संपलं. मग मुकादम उरलेला ढीग "पटकन" भरून घ्यायला सांगतो. तो पटकन कोणाच्या पाठीवरून जातो, हे एसीत बसून दिसत नाही.

मग शहाणपण सुचतं आणि आपण चिपर घेतो. मीही घेतला. कॅटलॉगात गोरा माणूस पाइनची फांदी आत सारतोय, पलीकडून सुरेख तुकडे उडताहेत. "इतक्या इंचांची फांदी" हा आकडा पाहून मी सही केली. कोनोकार्पसच्या फांद्या त्यानं खरंच कडाकड खाल्ल्या. झावळी दिली आणि दहा मिनिटांत बंद. झावळीचं लाकूड होत नाही, तिचे धागे होतात. वेगानं फिरणाऱ्या ड्रमवर सुताच्या रिळासारखे ते गुंडाळले जातात. शिवाय इथली प्रत्येक झावळी वाळूनं माखलेली, आणि वाळू पात्यांची धार आठवड्यात खाते. बोथट पातं कापत नाही, ओढतं.

ओढतं म्हणजे काय, ते मी पाहिलं. अडकलेला गुंता काढायला एका कामगारानं हात घातला आणि हातमोजा आत गेला. मोजा सैल होता म्हणून हात बाहेर राहिला. त्या रात्री मला गावाकडचे कडबा कुट्टीवाले आठवले. बोटं गेलेला एक तरी माणूस ज्याच्या ओळखीत नाही असा मराठवाड्यातला, पश्चिम महाराष्ट्रातला वाचक दाखवा. मळणीयंत्रांत इतके हात गेले, की 1983 मध्ये भारतात धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ते सगळं लहानपणी पाहून आलेला मी, इथे फक्त इंच आणि किंमत पाहून सही करत होतो.

झावळीला लागतो तो सावकाश फिरणारा, दोन दंडांचा श्रेडर. जोर जास्त, वेग कमी, अडकला की स्वतःच उलटा फिरून माल मागे टाकणारा. नाहीतर पात्यांऐवजी हातोडे असलेली हॅमर मिल, जिला वाळूचं फारसं वावडं नाही. दोन्ही चिपरहून महाग, हे कबूल. पण बोथट पाती, बंद पडलेले दिवस आणि वाचलेल्या फेऱ्या तुलनेच्या तक्त्यात कधी मांडतच नाही आपण. तक्त्यात रकाना असतो फक्त किंमतीचा.

कोकणातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट वेगळी सांगायला नको: सोंड्या भुंगा. नारळाचा काळ असलेला हा आपल्याकडचाच किडा 1980 च्या दशकात आखातात पोचला आणि खजुरावर बसला. पोखरलेलं खोड उघड्या लॉरीतून गावभर मिरवत नेणं म्हणजे अळ्या-भुंग्यांना फुकट प्रवास. ते जागेवरच बारीक व्हायला हवं, निदान झाकून तरी न्यायला हवं. खोड चिरडणारं मोठं यंत्र प्रत्येक कंपनीला परवडणार नाही. चारजणांनी मिळून भाड्यानं घ्यावं. पण शेजारच्या कंपनीतल्या देशी माणसाला फोन करायचा तर आपला स्वाभिमान आड येतो, गणपतीची वर्गणी मागताना मात्र येत नाही.

आणि त्या कुटलेल्या झावळ्यांचं काय करायचं? वफ्रा आणि अब्दलीच्या शेतांत नुसती वाळू आहे, सेंद्रिय अंश नावाला. झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरा, पाणी उडायचं कमी होईल. खत करायचं तर कच्चा भुसा मातीत मिसळू नका, तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. शेणात मिसळून कुजवा. सुलैबियाला गोठे आहेत. शेण इथे आहे, झावळी इथे आहे, जयपूरला तर उगाच त्रास.

पुढच्या वेळी यंत्रवाला डेमो द्यायला आला की त्याच्या पाइनच्या फांद्या परत गाडीत ठेवायला सांगा. वाळूनं भरलेल्या पन्नास झावळ्या पुढ्यात टाका. यंत्र त्याच्या माणसाला चालवू देऊ नका. जो रोज चालवणार आहे त्याच्या हाती द्या, आणि तोंडापासून बंद करायच्या दांडीपर्यंत त्याचा हात पोचतो का ते बघा. नंतर त्याला विचारा, घ्यायचं का? तो हिंदीत, बंगालीत, तेलुगूत काय सांगेल ते लिहून घ्या आणि तक्त्यात किंमतीच्या शेजारी चिकटवा.