कैदेतल्या शौर्याला पदक कुठले?

ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर पारुळकर 10 ऑगस्ट 2025 रोजी पुण्यात गेले. वय 82. त्यांच्यावरच्या बातम्या वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती. 1972 सालच्या ऑगस्टमध्ये ते पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून दोन सहकाऱ्यांसह निसटले, तिथे गोष्ट सुरू व्हायची आणि ते पकडले गेले तिथे संपायची. त्यावर सिनेमाही निघाला, मग दुसरे काय होणार? पण त्या पळण्याआधी जे आठ महिने गेले, त्यांचे काय?

भारत-पाक युद्धात 10 डिसेंबर 1971 रोजी पारुळकरांचे सुखोई-7 विमान पाडले गेले. युद्ध आठवड्याभरात आटोपले, कैद मात्र संपेना. 2 जुलै 1972 ला सिमला करार झाला, त्यातही युद्धकैद्यांचा प्रश्न सुटला नाही. भारताच्या ताब्यात 93 हजार पाकिस्तानी कैदी होते आणि त्यांच्यावरून दोन सरकारांची ओढाताण चालली होती. रावळपिंडीतल्या मूठभर भारतीय वैमानिकांना घरी कधी जायचे हे कुणी सांगू शकत नव्हते. 'करार झाला होता, थोडी कळ काढायची' असे आज आपण खुशाल म्हणू. अशी कळ किती काळ काढायची, हे माहीत नसणे हीच खरी कैद.

पारुळकरांनी पकडले जाण्याआधीच सांगून ठेवले होते की, आपण सापडलो तर बसून राहणार नाही. त्यांच्यासोबत मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी तयार झाले. कोठडीची भिंत जमेल त्या हत्याराने, पहारेकऱ्याच्या येरझारा मोजत पोखरायची. शाळेच्या अ‍ॅटलासातून फाडलेला नकाशा, चुंबक केलेल्या सुईचे होकायंत्र, वैमानिकांच्या जी-सूटमधल्या रबरी पिशव्यांत पिण्याचे पाणी. यातले बरेचसे काम, जे पळणारच नव्हते अशा सोबत्यांनीही केले. पळणारे पळाले की मागच्यांवर काय गुदरेल, याची कल्पना त्यांना होती. या माणसांवर कुणी सिनेमा काढला नाही, आणि माझ्या हिशेबात त्या रात्रीचे निम्मे शौर्य त्यांचेच.

12-13 ऑगस्टच्या रात्री वादळाचा आडोसा घेऊन तिघे बाहेर पडले, बसने पेशावरला गेले आणि तिथून लंडी कोतलला पोहोचले. तोर्खमची अफगाण सरहद्द आता चार-पाच मैलांवर. नकाशात लंडी खाना हे रेल्वे स्टेशन दिसत होते, म्हणून त्यांनी तिथे जायची चौकशी केली. ते स्टेशन 1932 मध्येच बंद झाले होते! त्या सुमारास पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात सटकत असत, त्यामुळे हे तिघेही बंगालीच असणार, असा संशय आला. तहसीलदारापुढे उभे केल्यावर आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत, ही थाप त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. इतकेच नव्हे, पारुळकरांनी सरळ पाकिस्तानी हवाई दल प्रमुखांच्या एडीसीला, स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना, फोन लावायला सांगितले. उस्मान पूर्वी रावळपिंडीच्या छावणीचे प्रमुख होते. फोनवर पारुळकरांचा आवाज ऐकताच त्यांनी काय ते ओळखले आणि या माणसांना धक्का लावू नका, असे तहसीलदाराला बजावले. शत्रूच्या अधिकाऱ्यातला सज्जनपणा पारखून ठेवणे आणि नेमक्या क्षणी त्यावर जीव टाकणे, हे धाडस मला भिंत फोडण्याहून मोठे वाटते.

जिनिव्हा करारानुसार पळून जाण्याचा प्रयत्न फसला, तर कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, तीही 30 दिवसांपेक्षा जास्त नाही. म्हणजे कैद्याने पळायचा प्रयत्न करणे हा गुन्हा नाही, हे जगाने मान्य केलेले आहे. बाकीच्या वैमानिकांना लायलपूरच्या तुरुंगात हलवले. 1 डिसेंबर 1972 रोजी सगळे वाघामार्गे परतले.

आता पदकांकडे बघा. पारुळकरांचे वायुसेना पदक 1965 च्या युद्धातले. तेव्हा जखमी असतानाही त्यांनी गोळ्या लागलेले विमान तळावर परत आणले होते. दुसरे विशिष्ट सेवा पदक, आणि ते शौर्यपदकांत मोडत नाही. आपली परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे 'शत्रूच्या समोर' दाखवलेल्या शौर्यासाठी दिली जातात. आठ महिने ज्याच्या दाराशी शत्रूचाच पहारा, त्याच्यापेक्षा शत्रू आणखी किती समोर असायला हवा? अमेरिकेने जेम्स स्टॉकडेल या नौदलाच्या वैमानिकाला 1976 मध्ये सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' दिले, ते हनोईच्या तुरुंगात नमते न घेतल्याबद्दल. ते तर तुरुंगातून निसटलेही नव्हते.

हा नियमांतला किरकोळ घोळ म्हणून सोडता येईल, पण तो आपल्या स्मरणातही उतरला आहे. घोरपडीच्या युद्धस्मारकात शाळेची मुले मिग विमानापुढे फोटो काढतात, त्यात काही चूक नाही. परंतु कैद सोसलेल्यांची गोष्ट त्यांना कोण सांगणार?

आणि जे परतलेच नाहीत त्यांची? 1971 नंतर न परतलेल्या जवानांची आणि अधिकाऱ्यांची संख्या 54 सांगितली जाते. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. डिसेंबर 1971 मध्ये ढाक्याच्या एका वृत्तपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे छापली, त्यांत 'टॉम्बे' असे एक नाव होते. तांब्यांच्या पत्नी दमयंती या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. 2007 मध्ये इतर नातेवाइकांबरोबर त्या पाकिस्तानातले तुरुंग बघून आल्या. हाती काहीच लागले नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हे पाकिस्तानचे उत्तर तेव्हाही होते, आजही आहे. आपल्या सरकारने एवढ्या वर्षांत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यापलीकडे काय केले, हे मात्र या कुटुंबांना नीट कळलेले नाही, आणि ते कळण्याचा त्यांना हक्क आहे.