अर्जात नसलेला रकाना

माझ्या भाच्याला मोटारसायकल घ्यायची आहे आणि जामीनदार म्हणून सही माझी हवी आहे. तेहेतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ही मागणी नवी नाही. नवे होते ते त्याचे पुढचे वाक्य. "मामा, सही तर कराच, पण दोन्हींतली कुठली घेऊ तेही सांगा." हजारभर तरी वाहनकर्जे माझ्या टेबलावरून गेली असतील. कुठली गाडी घेऊ, असे मला एकाही कर्जदाराने विचारले नव्हते, आणि हीच का घेतोस, असे मीही कुणाला विचारले नव्हते.

आम्ही राहतो ताथवड्यात. मी इथे आलो तेव्हा रात्री ऐकू येणारा मोठ्यात मोठा आवाज वळू-माता प्रक्षेत्रातल्या जनावरांचा असे. २००९ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. कॉलेजे आली, हिंजवडीच्या नोकरदारांसाठी इमारती उठल्या, आणि आता संध्याकाळी गॅलरीत चहा घेत बसावे तर महामार्गाच्या सेवारस्त्यावरून एखादी मोटारसायकल अशी किंचाळत जाते की बोलणारा माणूस वाक्य अर्धे सोडून थांबतो. भाचा अर्थात थांबत नाही. तो न पाहता सांगतो, कुठली गाडी गेली.

मुलगा चोवीस वर्षांचा, मूळचा कराडचा. इथल्याच एका कॉलेजातून मेकॅनिकल केले आणि चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात लागला. नोकरी पर्मनंट झाल्याच्या दिवशी त्याने वहीचे एक पान माझ्यापुढे ठेवले. डावीकडे केटीएमची आरसी ३९०, उजवीकडे टीव्हीएसची अपाची आरआर ३१०. मध्ये उभी रेघ. आमच्या खतावणीसारखी!

त्याला काय कळणार, की आमच्या पिढीला ही उभी रेघ ठाऊकच नव्हती. माझ्या वडिलांनी १९७६ मध्ये स्कूटर नोंदवली. ती आली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. आकुर्डीच्या कारखान्याच्या भिंतीवरून रोज जाणाऱ्या आम्हा माणसांनासुद्धा आतली स्कूटर मिळायला इतकी वर्षे लागत. निवड होती ती रंगाची, आणि तीही वितरकाच्या मर्जीची. मग १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली आणि पोरांच्या तोंडी 'पिकअप' हा शब्द आला. २००१ मध्ये पल्सर आली, आणि चाकणचे नाव देशभरातल्या तरुणांना माहीत झाले. २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के भाग घेतला, तेव्हा आमच्या शाखेत त्याची चर्चा शेअरच्या भावापुरती झाली. तिचा खरा अर्थ २०१२ मध्ये दिसला, चाकणला बनलेली नारिंगी ड्यूक २०० रस्त्यावर आली तेव्हा. पुढच्या वर्षी ३९०.

तर आरसी ३९०. इंजिन ३७३ सीसी, ताकद साडेत्रेचाळीस अश्वशक्ती. दुसरी, होसूरला बनणारी, बीएमडब्ल्यूबरोबर विकसित केलेल्या इंजिनाची. ३१२ सीसी, अडतीस अश्वशक्ती. वजनात दोघींत फारसा फरक नाही. पहिलीचा स्वभाव तापट: खाली आळसावलेली आणि इंजिन वर चढले की एकदम उसळणारी. दुसरी तुलनेने समंजस, लांबच्या प्रवासाला बरी. हे ज्ञान अर्थात भाच्याचे. मी फक्त लिहून घेतले. त्याला एक काळजी होती, की २०२४ च्या नोव्हेंबरात केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर पुढे सुटे भाग मिळतील का? इथे मात्र मला बोलता आले. २०२५ मध्ये बजाजने त्या कंपनीचा ताबाच घेतला आणि गाडी बनते तुझ्या कारखान्याच्या शेजारी; भागांची चिंता तू करावीस हे विनोदी आहे, असे मी म्हणालो.

करांचेही मीच सांगितले. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, आणि त्यावरच्या गाड्यांचा, अधिभारासह एकतीस होता तो, चाळीसवर गेला. म्हणजे आमच्या वहीतली उभी रेघ सरकारनेही मारली. पण कशावरून? वीस अश्वशक्तीची ३४९ सीसीची बुलेट-क्लासिक आणि अडतीस अश्वशक्तीची ही अपाची एकाच पंगतीत. सिलिंडरचे आकारमान मोजले. गाडी कितीला पळते, किती सेकंदांत शंभर गाठते, चालवणाऱ्याच्या हाताला ती झेपते का, हे त्या रेघेला दिसत नाही. करापुरते तसे दिसायला हवे असेही नाही, म्हणा. पण मग ते दिसते कुठे?

परवान्यात दिसावे. युरोपात मोटारसायकलच्या परवान्याला पायऱ्या आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला १२५ सीसीपर्यंत आणि अकरा किलोवॉटपर्यंत. मधल्या पायरीवर पस्तीस किलोवॉटपर्यंत. त्यापुढचे सगळे नंतर, अनुभव किंवा वय वाढल्यावर. चाकणची ३९० साधारण बत्तीस किलोवॉटची आहे. म्हणजे तिकडे ती मधल्या पायरीत बरोबर बसते. शिकत शिकत वर जाणाऱ्याची गाडी. तीच गाडी इकडे, जिथे बनते तिथे, शिखर समजली जाते, आणि तिथे पोचायला एकही पायरी नाही. शंभर सीसीच्या गाडीवर इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला की 'गियरसह मोटारसायकल' असा जो परवाना मिळतो, त्यावर हजार सीसीचीही चालवता येते. कायद्यात त्याला काही हरकत नाही.

म्हणजे राहते ती एकच पायरी, कर्जाची. आणि त्या पायरीवर मी बसलो होतो.

एक मुलगा आठवतो. साल सांगत नाही, शाखाही नाही. पगाराची पावती, दोन जामीनदार, वडिलांचा सातबारा, सगळे व्यवस्थित. मला खुर्चीवरून उठून हात मिळवला होता त्याने. कर्ज मी दोन दिवसांत मंजूर केले. तत्पर सेवेबद्दल त्या तिमाहीत आमच्या शाखेचे कौतुकही झाले. दुसरा हप्ता आला नाही. वसुलीची सूचना पाठवायच्या आधी शिपायाला घरी धाडले, तो परत येऊन टेबलाशी नुसता उभा राहिला. नंतर विम्याचा दावा, खाते बंद, फाईल तळघरात. माझे कागद निर्दोष होते. अर्जात उत्पन्नाचे रकाने होते, अवलंबून असलेल्यांचे होते, इतर देण्यांचे होते. आधी काय चालवत होतास, असा रकाना नव्हता.

भाच्याला हे मी सांगितले नाही. त्याऐवजी त्याच्या वहीत हिशेब मांडला. ताशी साठला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. समोर काही आले हे कळून ब्रेकवर बोट जाईपर्यंत तो सेकंद संपतो. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. ताशी एकशेवीसला? तो इंजिनिअर, म्हणाला, "दुप्पट... नाही, ब्रेकचं अंतर चौपट." बेरीज त्यानेच केली. एकशेदहा मीटरच्या जरा पलीकडे. मग गॅलरीतून खाली बघून, आपल्या सोसायटीच्या फाटकापासून भुयारी मार्गाच्या दिशेने तो कितीतरी वेळ अंतर मोजत राहिला.

"एबीएस आहे दोन्हींना," तो म्हणाला. आहेच. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचे आहे. चाक अडकत नाही, एवढे त्याने होते. समोर विरुद्ध दिशेने आलेला रिक्षावाला त्याने नाहीसा होत नाही.

मग मी मला खरोखर न सुटलेले कोडे विचारले: चालवणार कुठे? रोजचा रस्ता रावेत, निगडी, तळवडे, महाळुंगे, चाकण. निम्म्या वाटेवर कंटेनरच्या मागे पहिला-दुसरा गियर, पायांवर रेडिएटरची गरम हवा आणि मनगटांवर वाकलेले सगळे शरीर. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी. राहिले रविवारी पहाटेचे लोणावळा किंवा ताम्हिणी. तिथे घाटातल्या वळणापलीकडे ट्रक आहे की गाय, हे वळल्यावरच कळते. अशा गाड्या ज्यासाठी बनतात ते शर्यतीचे मैदान चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, नाहीतर कोइंबतूरला. इंजिने चाकणला घडतात आणि त्यांना मोकळे धावायला हजार किलोमीटर लांब जावे लागते. ज्या पट्ट्याने देशाला वेग विकला, त्याने पोरांना तो चालवून बघायला चार वळणांची बंदिस्त जागा दिली नाही, याची मला गेल्या काही दिवसांत लाज वाटू लागली आहे. निवृत्तांना लाज वाटायला वेळ मिळतो.

"म्हणजे घेऊच नको म्हणता?"

तसे मी म्हणालो नाही. 'घेऊ नको' एवढेच त्याच्या आईने म्हटले होते, आणि म्हणून तर तो माझ्याकडे आला. शिवाय गेल्या रविवारी शोरूममध्ये त्या आरसीवर बसलेला त्याचा चेहरा मी पाहिला आहे. आमच्या घरी स्कूटर आली त्या संध्याकाळी वडिलांचा असा चेहरा होता.

माझे मत मी दिले: उजवीकडची. तीन लाख तीन वर्षांसाठी, अकरा टक्क्यांनी धरले तर हप्ता नऊ हजार आठशेच्या घरात. त्याखाली उतरलेल्या रकमेत जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि चांगले हेल्मेट, आणि उरलेच तर चेन्नईच्या मैदानावरचे एखादे शिकवणीचे सत्र. मनगटांनाही ती बरी. तो म्हणाला, "मामा, पण ती नारिंगी..." आणि पुढे काही बोलला नाही. यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

काल रात्री फॉर्म घेऊन आला. वाहनाचे नाव आणि रक्कम, दोन्ही रकाने मोकळे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, हे वाक्य मी तेहेतीस वर्षे रोज कुणाला ना कुणाला ऐकवले आहे. मी पेन उघडले, जामीनदाराच्या जागी सही केली आणि खाली तारीख घातली. त्याने घडी घालून फॉर्म खिशात ठेवला आणि सकाळच्या कंपनीच्या बससाठी घड्याळाचा गजर लावून झोपायला गेला.