खिडकीचा रंग आणि मराठी ‘ल’

आमच्या मराठी विभागातला जुना संगणक अजून मोडीत काढलेला नाही. त्यावर विंडोज एक्सपी चालते. ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आणली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची देखभाल थांबवली. म्हणून त्या यंत्राची इंटरनेटची तार आम्ही काढून ठेवली आहे. मालवणच्या खाऱ्या हवेने पेटीचे स्क्रू गंजले, कळफलक दोनदा बदलावा लागला. तरी ते यंत्र राखले आहे, कारण महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांच्या जुन्या फायली त्याच्याशिवाय कोठेच धड उघडत नाहीत. यंदा त्या फायली पाहायला बसलेल्या एका विद्यार्थ्याने पडद्याच्या तळाची निळी पट्टी आणि हिरवे ‘स्टार्ट’ बटण पाहून विचारले, “सर, हेचो रंग बदलूक येता काय?”

प्रश्न साधा होता. ‘येतो’ म्हणून मोकळा झालो असतो, तर हा लेख झाला नसता.

एक्सपीने आपल्या खिडक्यांना तीन रंग दिले होते: निळा, ऑलिव्ह हिरवा आणि रुपेरी. चौथा हवा असेल तर अडचण होती. एखाद्या हौशी माणसाने तयार केलेला साज चढवू गेल्यास, त्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही आहे का, हे प्रणाली तपासत असे. सही नसेल तर तो साज नामंजूर. मग जगभरच्या हौशी मंडळींनी ‘यूएक्सथीम’ नावाची ती तपासणारी फाइलच दुरुस्त करून वाटायला सुरुवात केली. परवान्याच्या दृष्टीने ही दुरुस्ती निषिद्धच. पण गावोगावच्या सायबर कॅफेंत पडद्यांवर निरनिराळे साज दिसत, त्यामागे बहुधा हीच फाइल असे. एक्सपीची ती प्रसिद्ध हिरवी टेकडी तेवढी मोफत होती. चार्ल्स ओरियर यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात १९९६ मध्ये टिपलेले ते छायाचित्र आहे. श्रावणातला आमचा एखादा सडा त्यापेक्षा काही कमी हिरवा नसतो, पण तो कोणी पडद्यावर लावल्याचे मला आठवत नाही. असो.

पुढे मात्र रूप हे शिक्षेचे साधन झाले. ऑगस्ट २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी प्रोफेशनलसाठी जी सुधारणा पाठवली, तिच्यामुळे विनापरवाना प्रतीवर दर तासाला पडद्याची पार्श्वभूमी काळी होऊ लागली. काम चालू राही, फायली उघडत, छपाई होई. फक्त चित्र जाऊन काळोख येई. २००९ च्या विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ नावाची स्वस्त आवृत्ती तर रीतसर विकत घेतली तरी तिच्यात वॉलपेपर बदलता येत नसे. त्याआधी २००५ मध्ये भारतात हिंदीतून आलेल्या एक्सपी स्टार्टरमध्ये एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालत. आजच्या विंडोज ११ मध्येही परवाना नोंदवला नाही तर रंगरूपाची दालने बंद राहतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत तगादा उभा राहतो. गरिबाला आणि चोराला एकच वागणूक, असे कोणी म्हटले तर मी त्याला फार अडवणार नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, रंगरूप ही शोभेची वस्तू आहे. कामाला बाध येत नाही ना, मग तक्रार कसली? शोभा हवी तर पैसे मोजा. हे उत्तर इंग्रजीतून काम करणाऱ्याला पटण्यासारखे आहे. मराठीतून काम करणाऱ्याने ते स्वीकारू नये, असे माझे मत आहे. कारण आपल्या बाबतीत संगणकाचे पहिले ‘रूप’ म्हणजे खिडकीचा रंग नव्हे, तर अक्षर.

एक्सपी मूळ बसवली की त्यात देवनागरी आपोआप नीट दिसत नसे. प्रादेशिक भाषांच्या दालनात जाऊन जटिल लिप्यांची सोय सुरू करावी लागे, आणि ती करताना प्रणाली मूळ सीडी मागे. ज्यांच्याकडे सीडी नव्हती, त्यांच्या पडद्यावर वेलांट्या भलत्याच अक्षरामागे जात, जोडाक्षरांचे पाय तुटत. म्हणजे मराठी वाचता येणे हीसुद्धा यंत्राच्या हिशेबी मागाहून चढवायची सजावट होती. सीडी सापडली की ‘मंगल’ हा फॉन्ट येई. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. कवी आणि सुलेखनकार अशा दुहेरी अधिकाराचा हा माणूस २००८ मध्ये गेला. मराठीला पडद्यावर युनिकोडमध्ये उभे करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, हे मान्य करूनच पुढचे लिहितो. ‘मंगल’मधला ‘ल’ मला कधी आपला वाटला नाही. मी पाटीवर गिरवला तो ‘ल’ दोन पाकळ्यांचा होता. हा उजवीकडे दंड धरून उभा राहणारा, हिंदी वळणाचा. ‘श’चेही तेच. एकच फॉन्ट हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत अशा साऱ्या भाषांना पुरवायचा तर कोणाचे तरी वळण मागे पडणारच. प्रश्न असा की, ते मला बदलून घेता यावे की नाही? परवाना म्हणतो, नाही. तो फॉन्ट विंडोजसोबत वापरण्यासाठी दिलेला आहे. उघडून त्यातला ‘ल’ बदलण्यासाठी, बदललेला शेजाऱ्याला देण्यासाठी नव्हे.

ही खंत क्षुल्लक वाटेल, म्हणून आमच्या किनाऱ्यावरचे आणखी एक अक्षर सांगतो. किनाऱ्यावर, वाऱ्यावर, खाऱ्या, पायऱ्या, दऱ्या: या शब्दांतला अर्धा ‘र’ रफार होऊन डोक्यावर जात नाही, तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. हे मराठीचे खास वळण. युनिकोडमध्ये ते दोन तऱ्हांनी लिहिता येते: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण साध्या शोधात एकीने लिहिलेले दुसरीने सापडत नाही. ‘किनाऱ्यावर’ शोधावा आणि अर्धेच संदर्भ हाती यावेत, हा अनुभव प्रबंध लिहिणाऱ्या कोणालाही नवा नाही. येथे रूप कोठे संपते आणि मजकूर कोठे सुरू होतो, हे कोणी सांगावे?

आता त्या फायलींकडे येतो. युनिकोड रुळण्यापूर्वीची मराठी छपाई ज्या फॉन्टांवर चालली, त्यांत अक्षरे नव्हे, अक्षरांचे तुकडे साठवलेले असत. संगणकाच्या लेखी ती सारी लॅटिन चिन्हेच. वरून फॉन्टाचा मुखवटा चढवला की मराठी दिसे. मुखवटा काढला की निरर्थक चिन्हांची जत्रा. हा मुखवटा विकणाऱ्या कंपन्यांनी चोरीपासून बचावासाठी ‘लॉक’ दिले होते. संगणकाच्या मागच्या खोबणीत ते खोचले तरच मराठी टंकलेखन सुरू होई. आमच्याकडचे लॉक ज्या खोबणीसाठी होते, ती खोबणी नव्या संगणकांना नाही. आम्ही विक्रेत्याला विचारले तेव्हा नवी आवृत्ती विकत घ्या, असे उत्तर आले. जुना परवाना त्या जुन्या यंत्राशी जखडलेला. दर्यावरच्या दमट वाऱ्यात उद्या त्याचा मदरबोर्ड गेला, की परवाना, लॉक आणि दहा-बारा वर्षांचे वार्षिक अंक एकत्रच जातील. त्यांत मोठे वाङ्मय आहे, असा माझा दावा नाही. पण दशावतारावर, मच्छीमारांच्या बोलीतल्या शब्दांवर मुलांनी आपापल्या वाडीत फिरून लिहिलेले मजकूर आहेत, आणि ज्या आजोबांना विचारून ते लिहिले त्यांतले बरेच आता नाहीत. छापील प्रती आहेत, त्यांना वाळवी लागते आहे. रूपांतर करणारी साधने मिळतात. त्यांनी नव्वद टक्के मजकूर येतो म्हणावा, तर उरलेले दहा टक्के नेमके मालवणी शब्दांचे, विचित्र उकारांचे आणि जोडाक्षरांचे असतात.

कोकणातल्या वाचकाला या नात्याची ओळख करून द्यायला नको. जमीन कसायची, माड लावायचे, पण ती आपली म्हणायची नाही. खोती १९४९ च्या कायद्याने मोडली. १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानले. संगणक वापरणारा हा अजून त्या तारखेच्या अलीकडचा कूळ आहे. विकत घेतली असे तो म्हणतो ती वस्तू त्याने वापरापुरतीच घेतलेली असते. हे साम्य फार ताणू नये, हे मला कळते. जमीन एकाला दिली की दुसऱ्याला उरत नाही, प्रोग्रॅमची प्रत काढल्याने मूळ आटत नाही. पण त्यामुळे तर परवान्याची ही आवळलेली मूठ अधिकच अनाकलनीय वाटते.

तक्रार करताना स्वतःचे माप पदरात घेतले पाहिजे. आम्ही प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे पन्नास रुपयांच्या सीडीवरून प्रणाली बसवून घेतल्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वर्गात वाङ्मयचौर्यावर तावातावाने बोलणारे आम्ही खोलीत येऊन त्या काळ्या पडद्यावर पुन्हा पांढरा वॉलपेपर लावत असू. यात मोठ्या परदेशी कंपनीचे काही बिघडले नसेल. पण मराठी फॉन्ट घडवणाऱ्या इथल्या लहान उद्योगांचे नक्कीच बिघडले, आणि त्यांनी लॉक लावले ते आमच्यासारख्यांच्या कर्तृत्वानेच. शिवाय चोरी करून मिळते म्हटल्यावर परवाना वाचण्याची गरजच उरली नाही. त्याच कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी प्रत काढण्याचा, प्रोग्रॅमचे वर्तन अभ्यासण्याचा, दुसऱ्या प्रोग्रॅमशी त्याचा मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याचा हक्क देते. यातले शेवटचे कलम आमच्या फायलींच्या फार जवळचे आहे. आम्ही ते कधी उघडून पाहिले नव्हते.

आणि मोकळी वाट तेव्हाही होती. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. लिनक्सच्या पडद्यांचे मराठीकरण पुण्यात बसून होत होते. केरळने आपल्या सरकारी शाळांतून त्याच दशकात लिनक्स नेले. आपल्याकडे संगणक शिकणे म्हणजे विंडोज शिकणे, हे समीकरण इतके पक्के बसले की मुक्त प्रणाली म्हणजे फुकटची, आणि फुकटची म्हणजे कमअस्सल, असे मानले गेले. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही, तेव्हा कोठे लोक लिनक्सकडे वळून पाहू लागले. गंमत अशी की, तेथे ‘शिकागो९५’ नावाचा एक साज मिळतो. तो चढवला की लिनक्स हुबेहूब विंडोज ९५ सारखे दिसते. सही तपासणारा कोणी नाही. जुन्या रूपाची हौस भागवण्यासाठी जुनी, असुरक्षित प्रणाली जाळ्यावर उघडी ठेवण्यापेक्षा, किंवा अनोळखी ठिकाणाहून तिच्या फायली आणण्यापेक्षा, हे केव्हाही शहाणपणाचे.

त्या विद्यार्थ्याला मी रंगाची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि ‘ल’ची सविस्तर. ओपनटाइप तंत्रात एकाच फॉन्टात मराठीची वेगळी रूपे ठेवण्याची सोय असते, पण मजकूर मराठी आहे हे लिहिण्याच्या प्रोग्रॅमने सांगावे लागते. ते न सांगणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. म्हणून त्याने खुल्या परवान्याचा एक फॉन्ट ‘फॉन्टफोर्ज’ या मुक्त साधनात उघडला आणि पाकळ्यांचा ‘ल’ पहिल्या जागी आणून बसवला. ‘श’ अजून व्हायचा आहे. वार्षिक अंकाच्या फायलींचे रूपांतर आम्ही त्याच अक्षरांत, मालवणी शब्द एकेक तपासत करतो आहोत. २००३ चा अंक निम्मा झाला. त्या खुल्या परवान्याची एक अट आहे: मूळ फॉन्टाचे नाव राखून ठेवलेले असेल, तर बदललेल्या फॉन्टाला वेगळे नाव द्यावे लागते, आणि तोही त्याच परवान्याखाली सर्वांना खुला ठेवावा लागतो. नावावर तो आठवडाभर अडला होता. परवा येऊन म्हणाला, “सर, ‘चिवला’ ठेवया.” चिवल्याच्या किनाऱ्यामागेच त्याचे घर आहे, म्हणून असेल असे मला वाटले. तो म्हणाला, तसे नाही, त्यात ‘ल’ आहे.