काखेत कळसा : हौशी छायाचित्रकार आणि त्याचे गाव

छायाचित्रणाचा छंद जडला की हौशी माणसाला प्रथम ओढ लागते ती प्रवासाची. काशीचे घाट, हंपीचा दगडी रथ, काश्मीरमधील शिकारे यांवाचून आपला छंद अपुरा राहील असे त्याला वाटते. महाविद्यालयीन स्पर्धांतील चित्रे पाहा. रथ तोच, कोन तोच, मावळता सूर्यही तोच. खालचे नाव तेवढे बदललेले. तंत्र असते, मेहनत असते. पण हे चित्र याच विद्यार्थ्याला सुचले, दुसऱ्याला सुचलेच नसते, असे म्हणावेसे क्वचितच वाटते. याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधू नये. जागेची निवड चुकते, असे माझे स्पष्ट मत आहे. नवनिर्मितीची संधी हौशी छायाचित्रकाराला घराजवळ जेवढी मिळते तेवढी दूर कोठेही मिळत नाही.

असे का म्हणतो ते सांगतो. व्यावसायिकाकडे उत्तम लेन्स असते, साधने असतात, अनुभव असतो. हौशी माणसाजवळ त्याच्याहून दोनच गोष्टी अधिक असतात : वेळ आणि ओळख. प्रवासाला निघाला की या दोन्ही तो घरी ठेवून जातो. हंपीला त्याला दोन तास मिळतात आणि त्या दिवशी असेल तो उजेड. स्वतःच्या गल्लीत त्याला बारा महिने मिळतात, आणि समोरचा माणूस त्याला नावाने हाक मारतो.

आमच्या इंद्रवेल्लीचेच उदाहरण घेतो. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातले हे गाव. येथील बाजारात गोंडी, मराठी, तेलुगु आणि बंजारा या भाषा एकाच वेळी कानावर पडतात. अशा गावी बाहेरचा छायाचित्रकार येतो तो बहुधा तीन निमित्तांनी. एक, दिवाळीच्या सुमारास दंडारी आणि गुसाडी नृत्यासाठी. मोरपिसांचा तो भव्य टोप कोणाचेही लक्ष वेधून घेईल. दुसरे, पुष्य अमावास्येला केसलापूरला भरणाऱ्या नागोबाच्या जत्रेसाठी. आणि तिसरे, २० एप्रिलला. १९८१ साली त्या तारखेला, सोमवारी, भर बाजाराच्या दिवशी, येथे सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक सांगतात तो त्याहून कितीतरी मोठा. त्यांच्या स्मृतीचा स्तूप गावात उभा आहे, आणि वृत्तपत्रांतून इंद्रवेल्ली दिसते ती बहुतेक त्या स्तूपाच्या रूपाने.

ही चित्रे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. ती अपुरी आहेत. पिसांचा टोप, जत्रेची गर्दी आणि स्तूप एवढ्यातच एखाद्या गावाची ओळख संपली, तर त्या गावातील माणसे जगाच्या दृष्टीने एकतर नाचत असतात नाहीतर मृतांना आठवत असतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांचे काय? ते दिवस टिपायला मुंबईहून कोणी येणार नाही. ते काम गावातल्याच मुलाचे आणि मुलीचे आहे.

नागोबाची जत्राच पाहा. मुख्य पूजेच्या रात्री कॅमेऱ्यांची दाटी होते. पण जत्रा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. मेस्राम कुळातील माणसे गोदावरीचे पाणी आणण्यासाठी पायी निघतात. पूजेची मडकी सिरिकोंड्याचे कुंभार घडवतात. कोणत्या दिवशी कोणत्या वाटेवर उभे राहावे, हे जवळ राहणाऱ्यालाच ठाऊक असते. कुंभाराच्या चाकाजवळ बसायला त्याला कोणाची शिफारस लागत नाही. याच ठिकाणी स्वतंत्र चित्र जन्माला येते.

येथे कोणी हायमेनडॉर्फ यांचे नाव घेईल. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मूळचे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ; गोंडांची उत्तम छायाचित्रे काढली ती या परक्या माणसानेच, मग जवळीकीचा एवढा बडेजाव कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु ती चित्रे कशी निघाली हेही पाहावे. १९४० नंतरच्या दशकात हे गृहस्थ पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईला गोंडांच्या गावात राहिले. आधी ते शेजारी झाले. बेटी यांची समाधीही मार्लवाईलाच आहे. म्हणजे परदेशी माणसालासुद्धा चांगल्या चित्रासाठी आधी येथे घर करावे लागले. आपल्याला ते जन्मतःच मिळाले आहे! मात्र त्यांचा छायाचित्रसंग्रह आज लंडनमध्ये आहे. आमच्या आजोबांच्या पिढीचे चेहरे पाहायचे तर नजर तिकडे वळवावी लागते. आमच्या नातवंडांनी आमचे चेहरे कोठे शोधावेत, याचा विचार आपणच करायला हवा.

कन्नड विभागाच्या वाचकांना तर उदाहरण शोधायला दूर जायला नको. पूर्णचंद्र तेजस्वी हे कन्नडचे थोर लेखक शहर सोडून मूडिगेरेला कॉफीच्या मळ्यात राहिले आणि तेथल्याच पक्ष्यांची छायाचित्रे काढत राहिले. पक्षी रोजचे, झाडेही रोजची. एकच पक्षी अनेकदा पाहिल्यावर त्याची जी खोड कळते, ती एका सहलीत कळणारी नव्हे.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो मला खरा वाटतो. रोज दिसणारे दिसेनासे होते. घराचा उंबरठा आपण ओलांडतो, पाहत नाही. याला उपाय मात्र आहे : स्वतःला बंधन घालून घेणे. जुन्या ॲग्फा क्लिकच्या एका रोलमध्ये बारा चित्रे निघत. तेराव्याला नवा रोल, म्हणजे नवा खर्च. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस विचार करी. आज खिशातल्या फोनमध्ये हजारो चित्रे मावतात, म्हणून विचार करण्याची सक्ती उरलेली नाही. ती आपणच आणावी. एकच विषय घ्यावा. समजा, बाजारात बांबूच्या टोपल्या विकणारी एक कोलाम बाई. महिन्यातून बाराच चित्रे काढावीत. सहाव्या महिन्यात चेहरा बाजूला पडून तिची बोटे दिसू लागतील, तिची गिऱ्हाइके दिसू लागतील, पावसाळ्यात ती टोपल्या कशाखाली झाकते ते दिसू लागेल.

अर्थात तिला विचारूनच. ओळख ही सवलत आहे तशी जबाबदारीही. बाहेरचा माणूस चित्र घेऊन निघून जातो. आपल्याला पुढच्या बाजारी तिच्यासमोर उभे राहायचे असते. ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली ठेवावा. हो म्हणाली तर एक प्रत कागदावर छापून तिच्या हाती द्यावी, आणि आपल्या प्रतीच्या मागे तिचे नाव, गाव व तारीख लिहावी. नाव नसलेले चित्र पन्नास वर्षांनी केवळ ‘एक आदिवासी स्त्री’ होऊन बसते.

तेव्हा आपल्या छायाचित्र स्पर्धेसाठी माझी एक सूचना आहे. चित्र स्वतःच्या घरापासून पायी जाता येईल अशा ठिकाणचे असावे. एका विषयाची तीन चित्रे द्यावीत, ती तीन वेगवेगळ्या महिन्यांतली. मागे नाव आणि तारीख असावी, आणि चित्रातील माणसाला प्रत पोचलेली असावी. सीमेच्या अलीकडचे गाव असो वा पलीकडचे, नियम सर्वांना सारखा. काश्मीरचे शिकारे एखाद्या वर्षी आले नाहीत तर स्पर्धेचे काही बिघडणार नाही. सिरिकोंड्याच्या कुंभाराचे चाक मात्र त्यांच्या जागी येईल, अशी मला आशा आहे.