काचेच्या इमारतीआधी सातबारा वाचा

बारावीचा निकाल लागला की वस्तीवस्तीतल्या विहारांत मार्गदर्शन शिबिरं सुरू होतात. अशाच एका शिबिरात एक मुलगा दोन माहितीपुस्तिका घेऊन आला. "दादा, मला रिअल इस्टेटमध्ये जायचंय. यातलं कुठलं कॉलेज घेऊ?" एक पुस्तिका शहराबाहेरच्या खासगी विद्यापीठाची. गुळगुळीत कागद, काचेची इमारत, 'बीबीए रिअल इस्टेट' असं ठळक नाव, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात फी, त्याच्या वडिलांच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त. दुसरी पुस्तिका शहरातल्या संलग्न कॉलेजची. तिथे नुसतंच बीएमएस.

मी बोलायच्या आत शेजारचे ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "जमिनीची दलाली करायला शिकतोस का रे? स्पर्धा परीक्षा दे."

आधी या ज्येष्ठांशी भांडतो. 2025 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे 40 एकर महार वतन जमिनीचा 300 कोटींचा व्यवहार राज्यभर गाजला. चौकशीचं काय व्हायचं ते होईल. पण एवढ्या मोठ्या जमिनीच्या कागदांवर वतनदारांच्या वारसांच्या बाजूने बसलेला, कागद कळणारा आपला माणूस किती ठिकाणी असतो? 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीने, म्हणजे नजराणा भरून जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय हस्तांतर नाही. हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत नसतं, पण त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांना तुरुंगात नेलं ते जमिनीसाठीच ना? मग त्याच जमिनीचा हिशेब शिकणारा पोरगा दलाल कसा झाला?

बाबासाहेबांनाही 1917 साली बडोद्यात भाड्याची खोली मिळाली नाही. पारशी सरायतून हाकलले गेले. मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर बाजाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, जात कळल्यावर गिऱ्हाईक तुटलं. 1953 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय मुंबईत सुरू झालं. धंद्याचं शिक्षण आपल्यासाठी नाही, हे आपण कुठून शिकलो? आजही आडनाव ऐकून 'फ्लॅट गेला' म्हणणारे आहेतच. त्या टेबलाच्या पलीकडे कोण बसतं, याने फरक पडतो.

आता मुलाचा प्रश्न.

2024 पासून बीबीए, बीएमएसला राज्याची सीईटी लागली. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव 'बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज' करून त्यातून सुटका करून घेतली. म्हणून पुस्तिकेवरचं नाव नव्हे, प्रवेश कुठल्या दारातून आहे ते आधी बघ. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलास तर शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप मिळते. व्यवस्थापन कोट्यातून गेलास तर नाही. मुंबईतली बरीच नामांकित वाणिज्य कॉलेजं अल्पसंख्याक संस्थांची आहेत. घटनेच्या कलम 15(5) प्रमाणे तिथे आपलं आरक्षण बंधनकारक नाही. खासगी विद्यापीठात फी सवलत आहे का, हे लेखी मागून घे. 'होऊन जाईल' म्हणणारा काउन्सेलर कमिशनवर असतो.

एक गोष्ट त्या पुस्तिकेच्या बाजूची खरी आहे. या धंद्यात ओळखी चालतात आणि महागड्या कॉलेजात बिल्डरांची पोरं भेटतात. पण ती पोरं तीन वर्षांनी बापाच्या ऑफिसात जातात. तू कर्जाच्या हप्त्यावर जाशील. पहिल्याच वर्षी हप्ता भरायचा असेल तर मिळेल त्या साइटवर फ्लॅट विकत उभं राहावं लागतं, आणि जमीन शिकायची राहून जाते.

आणि 'रिअल इस्टेट' हे नाव पदवीवर असलंच पाहिजे असं कुणी सांगितलं? 2016 च्या कायद्याने एजंटला नोंदणी सक्तीची केली, महारेराने 2023 पासून प्रशिक्षण आणि परीक्षा आणली. त्यासाठी बीबीए लागत नाही. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, हे महारेराच्या संकेतस्थळावर एकेक प्रकल्प उघडून पाहिलं की वर्गातल्यापेक्षा जास्त कळतं. सातबारावर 'भोगवटादार वर्ग-2' दिसलं तर थांबायचं का, फेरफार कधीचा, एफएसआय आणि टीडीआर म्हणजे काय, झोपडपट्टी पुनर्वसनात पात्रता कशी ठरते, हे तलाठी कार्यालयात, दुय्यम निबंधकाकडे, एखाद्या जमिनीच्या वकिलाच्या हाताखाली कळतं. शहरातलं कॉलेज दुपारी सुटतं. काचेची इमारत गावाबाहेर आहे, बसने दीड तास.

मी त्याला बीएमएस घ्यायला सांगितलं, आणि दुपारी वकिलाकडे बसायला. तो म्हणाला, आईशी बोलतो. जाताना त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. आजोबांच्या नावचा सातबारा. चुलत्याने कुठल्या कागदावर सही केलीय, ते घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फेरफाराची नक्कल मागायला तलाठ्याकडे गेलो.