पडद्यावरचा सल्ला, हातातली नोंद
मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला आता घरबसल्या व्हिडिओवर मिळतो. मात्र आपल्या इतर औषधांची नोंद त्यांच्यासमोर नसेल, तर तो अपुरा ठरू शकतो. लिथियम घेणाऱ्या ज्येष्ठांना गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली, तर रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. हातांचा कंप वाढणे, तोल जाणे, उलट्या-जुलाब, गुंगी अशी लक्षणे दिसताच विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

दवाखान्यात सोय असल्यास औषधचिठ्ठ्या व तपासण्या आपल्या १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी जोडून घ्याव्यात. त्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यास आपली संमती लागते. सोय नसेल, तर घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे कॅमेऱ्यासमोर धरावीत. दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा.