शादलूला सोडले ते योग्यच

प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलू या डाव्या कोपरारक्षकाला सोडून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असे ठासून सांगणारे मोरगाव-सुप्यापासून बारामती-इंदापूरपर्यंत गावोगाव भेटतात. त्यांचे म्हणणे दोन वाक्यांत मावते. तो आला आणि पलटण जिंकली. तो गेला आणि पलटण बुडाली. ऑक्टोबर 2023च्या लिलावात पलटणने त्याच्यासाठी 2 कोटी 35 लाख मोजले. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. त्या हंगामात पकडींचे सर्वाधिक 99 गुण शादलूचेच होते. पुढच्या लिलावात तो 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला आणि 29 डिसेंबर 2024 रोजी आपल्याच पुण्यातल्या बालेवाडीत हरियाणाने करंडक उचलला. पलटण बाद फेरीतही नव्हती. एवढ्यावर हे लोक निकाल देऊन मोकळे होतात. हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

तो मांडायला हवा, कारण सारा वाद तिथेच सुटतो. प्रो कबड्डीत तेव्हा लिलावासाठी प्रत्येक संघाला 5 कोटींची मर्यादा होती आणि त्यात किमान 18 जणांचा संघ बसवावा लागत होता. एकट्या शादलूवर 2 कोटी 35 लाख, म्हणजे 47 टक्के रक्कम घालवूनही पलटणला 2024 साली समतोल संघ उभा करता आला. ते कशामुळे? असलम इनामदार आणि मोहित गोयत नवोदित म्हणून कमी मानधनावर संघात आले होते आणि तिथेच वाढले. आकाश शिंदे, पंकज मोहिते, गौरव खत्री, अभिनेश नादराजन ही मंडळीही तोवर एकमेकांच्या खेळात मुरली होती. शादलूची किंमत पलटणला परवडली ती या घरच्या पोरांमुळे. विजेतेपदानंतर त्यांचीही किंमत वाढणार, हे उघड होते. असलम तर त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तेव्हा एक डावा कोपरा राखायचा की सहा जणांचा गाभा, असा प्रश्न उभा राहिला. पलटणने सहाही जण राखले. याला चूक म्हणणाऱ्याने त्या सहांतल्या कोणाकोणाला काढायचे, ती नावे आधी सांगावीत. अंतिम सामन्याचा रंग पालटला तो पंकजने एकाच चढाईत चार गडी टिपले तेव्हा, हेही सांगताना विसरू नये. शादलू थोर खेळाडू आहे, यात वाद नाही. पण विजयाचे सगळे श्रेय एकाच्या पदरात टाकणे हा उरलेल्यांवर अन्याय आहे.

पुढच्या हंगामातल्या घसरणीचे मोठे कारण तर डोळ्यांसमोर होते: दुखापतीमुळे असलमला हंगाम अर्धवट सोडावा लागला. मग 2025 आले. शादलू 2 कोटी 23 लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरात बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. त्याच्याशिवाय खेळलेली पलटण साखळीत अव्वल राहिली आणि 31 ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून अंतिम सामना 31-28 असा, अवघ्या तीन गुणांनी हरली. करंडक हुकला, हे खरे. पण 2022 साली फझल अत्राचली या बचावपटूवर 1 कोटी 38 लाख मोजूनही पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून हरलीच होती.

यावर विचारले जाईल की, 2025 साली पलटणनेही सचिन तन्वरवर एक कोटीहून जास्त उधळलेच ना? उधळले नाहीत, गाभा हाताशी ठेवून उणी जागा भरली. आणि घरच्या पोरांचा हा आग्रह प्रांताभिमान म्हणावा, तर मोहित हरियाणाचा आहे आणि अभिनेश तमिळनाडूचा. मॅट आली आणि आपली कबड्डी संपली, हे जुने रडगाणेही या वादात पुन्हा कानी येते. असलम आणि आकाश हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होते, एवढे त्याला उत्तर पुरे.

मग पलटणने करावे काय? लिलावाच्या आधी पुणे जिल्ह्यात उतरावे.  मातीवर अनवाणी खेळून तयार झालेल्या पोराला बूट घालून मॅटवर उभे केले की त्याचा पाय वेगळाच पडतो. वळताना पकड मिळते, पण घसरत निसटण्याची सवय उपयोगी पडत नाही. एका दिवसाच्या चाचणीत असा मुलगा नापास होणारच. म्हणून आधी काही महिने मोरगाव, इंदापूर अशा ठिकाणी मॅट आणि प्रशिक्षक द्यावा, चाचणी नंतर घ्यावी. यातून दर वर्षी असलम निघेल, असा माझा दावा नाही. दोन-तीन वर्षांत एखादा भरवशाचा कोपरारक्षक निघाला, तरी पुढच्या लिलावात पलटणला त्या जागेसाठी दोन कोटींची बोली लावावी लागणार नाही.